सदर बाजार ते स्टुटगार्ट: परदेशी लीग आणि भारतीय हॉकीपटूची उपजीविका

अमेरिकेतील बास्केटबॉलपटूला मायदेशातील लीगमध्ये जागा मिळाली नाही, तर तो इटली, स्पेन, तुर्कस्तान किंवा चीनमधील क्लबाशी करार करतो आणि तेथे दहा-दहा वर्षे व्यावसायिक खेळाडू म्हणून घालवतो. भारतीय हॉकीपटूंपुढील प्रश्न दीर्घकाळ याहून वेगळा होता. त्यांच्यासाठी मायदेशात व्यावसायिक लीगच नव्हती. त्यामुळे ज्यांना खेळाच्या बळावर उत्पन्न मिळवायचे होते, त्यांच्यापुढे नोकरी आणि परदेशी क्लब एवढेच दोन मार्ग होते. झाशीचे मेजर ध्यानचंद यांना यांपैकी पहिलाच मार्ग मिळाला. पुण्याजवळील खडकीचे धनराज पिल्ले यांनी दोन्ही मार्गांचा अवलंब केला. या दोन कारकिर्दींतून भारतीय हॉकीचे अर्थकारण कसे बदलत गेले, हे स्पष्ट होते.

छावणीतील खेळ

इंग्रजी अमलात देशभर लष्करी छावण्या वसल्या आणि प्रत्येक छावणीला लागून एक मुख्य बाजारपेठ उभी राहिली. तिला सदर बाजार म्हणत. मराठी वाचकांना हे नाव सातारा, जालना किंवा सोलापूर येथील वस्त्यांमुळे परिचयाचे आहे. झाशीचा सदर बाजारही छावणीचाच बाजार होय. राणी लक्ष्मीबाई यांचे शहर म्हणून झाशी महाराष्ट्राला जवळची वाटते. नेवाळकरांच्या काळापासून तेथे मराठी कुटुंबांची वस्ती आहे. १८५७ नंतर मात्र हे शहर लष्कर आणि रेल्वे यांचे केंद्र म्हणून वाढले. या दोन्ही खात्यांनी हॉकीला आश्रय दिला.

हॉकीला मोकळे मैदान, स्टिक आणि चेंडू एवढेच साहित्य पुरेसे होते. पलटणींमध्ये शिस्त व व्यायाम यांसाठी हा खेळ सक्तीने खेळवला जाई आणि पलटणींच्या आपापसांतील स्पर्धाही होत. छावणीच्या आसपास राहणारी मुले हे सामने पाहत, टाकून दिलेल्या स्टिक गोळा करत आणि त्याच मैदानांवर सराव करत. झाशी, मेरठ, जबलपूर, भोपाळ, महू आणि खडकी येथे हॉकी रुजण्यामागे हे प्रमुख कारण आहे.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे झाला. वडील सैन्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे कुटुंब ठिकठिकाणी राहिले आणि अखेर झाशीत स्थिरावले. १९२२ मध्ये ध्यानचंद सैन्यात भरती झाले. त्यांच्या खेळाचे खरे शिक्षण सैन्यातच झाले. १९२६ मध्ये लष्कराच्या संघातून ते न्यूझीलंडला गेले. हा त्यांचा पहिला परदेश दौरा होता. त्यानंतर १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम, १९३२ मध्ये लॉस एंजेलिस आणि १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकमध्ये भारताने सुवर्णपदक मिळवले. ॲम्स्टरडॅममध्ये त्यांनी १४ गोल केले. लॉस एंजेलिसमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. त्या सामन्यात त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांनी १० आणि ध्यानचंद यांनी ८ गोल केले. बर्लिनमध्ये ध्यानचंद कर्णधार होते. अंतिम सामन्यात भारताने यजमान जर्मनीला ८-१ असे नमवले. त्या संघात पुण्याचे बाबू निमल यांचाही समावेश होता.

हौशी खेळाडूची किंमत

एवढे यश मिळवणाऱ्या खेळाडूचे उत्पन्न किती होते, याचे उत्तर सोपे आहे. त्यांना सैन्यातील हुद्द्याप्रमाणे मिळणारे वेतन होते. खेळातून वेगळी कमाई नव्हती आणि ती करण्यास परवानगीही नव्हती. त्या काळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणारा खेळाडू हौशी असावा, असा कडक नियम होता. खेळासाठी पैसे घेणारा खेळाडू अपात्र ठरत असे. त्यामुळे युरोपातील एखाद्या क्लबाने ध्यानचंद यांना करारबद्ध करणे ही कल्पनाही त्या काळात अशक्य होती. बर्लिन ऑलिंपिकनंतर हिटलरने त्यांना जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. तथापि, या आख्यायिकेतही परदेशी संघाचा करार येत नाही, लष्करातील हुद्दाच येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खेळाडूचा सन्मान नोकरी देऊन करायचा, हीच त्या काळाची समजूत होती.

देशांतर्गत हॉकीचीही रचना अशीच होती. पलटणी, रेल्वे, पोलीस, सीमाशुल्क विभाग आणि पुढे विमान कंपन्या व बँका यांचे संघ प्रमुख स्पर्धांत उतरत. १९३३ मध्ये कोलकात्याच्या बेटन चषक स्पर्धेत झाशी हीरोज या संघाने कलकत्ता कस्टम्सचा पराभव करून विजेतेपद मिळवले. आपण खेळलेला सर्वोत्तम सामना म्हणून ध्यानचंद यांनी पुढे या अंतिम सामन्याचाच उल्लेख केला. एका बाजूला गावातील क्लब आणि दुसऱ्या बाजूला खात्याचा बलाढ्य संघ, असा तो सामना होता. मात्र झाशी हीरोजसारख्या क्लबांकडे खेळाडूंना पगार देण्याची ऐपत नव्हती. चांगला खेळाडू तयार झाला की एखादे खाते त्याला नोकरीत घेई आणि तो त्या खात्याकडून खेळू लागे.

ध्यानचंद १९५६ मध्ये मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. पुढे त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक म्हणून काम केले. अखेरची वर्षे त्यांनी झाशीत काढली आणि त्या काळात त्यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांचे निधन झाले. झाशीतील हीरोज मैदानावरच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो आणि २०२१ मध्ये देशातील सर्वोच्च क्रीडा पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या हयातीत मात्र खेळाडूच्या उत्तरायुष्याची तरतूद करणारी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नव्हती.

त्यांचे पुत्र अशोक कुमार यांनी १९७५ मध्ये क्वालालंपूर येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला. त्यांच्या पिढीलाही आधार होता तो नोकरीचाच. अशोक कुमार इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत होते.

नियम बदलले, मैदाने बदलली

१९७० च्या दशकापासून दोन मोठे बदल झाले. पहिला बदल मैदानाचा होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. गवताच्या मैदानावर चेंडू लहानलहान टप्प्यांनी पुढे नेणारी भारतीय शैली त्यावर मागे पडली. युरोपीय देशांनी कृत्रिम मैदाने लवकर उभारली. भारतात ती अपुरी होती. अशा मैदानावर सातत्याने खेळण्याची संधी हवी असेल, तर युरोपातील क्लब हाच जवळचा पर्याय होता.

दुसरा बदल नियमांचा होता. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हौशीपणाची सक्ती शिथिल केली आणि पात्रतेचा निर्णय त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर सोपवला. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने १९८९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना दारे खुली केली. परिणामी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे नामांकित व्यावसायिक खेळाडू प्रथमच उतरले. धनराज पिल्ले यांचेही हे पहिलेच ऑलिंपिक होते. क्लबाकडून मानधन घ्यायचे आणि देशाकडूनही खेळायचे, हे या पिढीला शक्य झाले.

खडकीचा मुलगा, सहा देशांतील क्लब

धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकी येथे झाला. खडकीही छावणीच. तेथील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल त्यांचे वडील करत असत. तमिळ कुटुंबात जन्मलेले आणि खडकीच्या वसाहतीत वाढलेले धनराज मोडक्या स्टिक दोरीने बांधून खेळायला शिकले. झाशीच्या मुलांप्रमाणेच त्यांनाही हॉकी मिळाली ती सरकारी मैदानामुळे. पुढे ते मुंबईला गेले. महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्यांना जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन मिळाले. त्यानंतर ते इंडियन एअरलाइन्समध्ये रुजू झाले.

१९८९ ते २००४ या काळात ते भारताकडून ३३९ सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा एवढी दीर्घ त्यांची कारकीर्द होती. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ मध्ये बँकॉक येथे आशियाई सुवर्णपदक मिळवले आणि २००३ मध्ये आशिया चषक जिंकला.

या काळात ते परदेशात ज्या क्लबांकडून खेळले, त्यांची यादी पाहिली तर परदेशी लीग हे एकसारखे क्षेत्र नाही, हे लक्षात येते. या क्लबांचे चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार स्थलांतरितांच्या क्लबांचा. लंडनचे इंडियन जिमखाना आणि हाँगकाँगचा खालसा स्पोर्ट्स क्लब या प्रकारात मोडतात. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांनी हे क्लब उभारले. मायदेशातील नामवंत खेळाडूला बोलावणे ही तेथील समाजाच्या दृष्टीने अभिमानाची बाब असते.

दुसरा प्रकार संस्थांच्या संघांचा. मलेशियातील बीएसएन ही बँक आणि टेलिकॉम मलेशिया यांच्या संघांकडून धनराज खेळले. भारतातील खातेनिहाय संघांशी यांचे साम्य आहे. फरक एवढाच की तेथील लीगमध्ये परदेशी खेळाडूंना हंगामापुरते करारबद्ध करण्याची सोय होती.

तिसरा प्रकार लोकप्रिय बहुक्रीडा क्लबांचा. ढाक्याचा अबाहनी हा क्लब फुटबॉल, क्रिकेट आणि हॉकी या तिन्ही खेळांत प्रसिद्ध आहे. मोहम्मेडन स्पोर्टिंगशी असलेली त्याची स्पर्धा बांगलादेशात मोठ्या चुरशीची मानली जाते. अशा सामन्यांसाठी भारत व पाकिस्तानातील नामवंतांना बोलावण्याची प्रथा पडली.

चौथा प्रकार युरोपातील सभासदांच्या क्लबांचा. फ्रान्समधील लिओं आणि जर्मनीतील स्टुटगार्टर किकर्स हे या प्रकारचे क्लब होत. हे क्लब सभासदांच्या वर्गणीवर आणि स्थानिक प्रायोजकांवर चालतात. तेथे लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सर्वांचे संघ असतात आणि पहिला संघ देशाच्या लीगमध्ये खेळतो.

करारात काय असते

युरोपातील हॉकी लीगमध्ये फुटबॉलसारखा पैसा नाही. जर्मनी व नेदरलँड्समधील अनेक राष्ट्रीय खेळाडू शिक्षण घेत किंवा नोकरी करत खेळतात. परदेशी खेळाडूच्या करारात साधारणपणे राहण्याची सोय, विमानभाडे आणि हंगामाचे मानधन यांचा समावेश असतो. कित्येकदा क्लबातील मुलांना शिकवण्याची जबाबदारीही त्यात जोडलेली असते. हंगाम शरद आणि वसंत अशा दोन टप्प्यांत होतो. मधल्या हिवाळ्यात बंदिस्त सभागृहातील हॉकी खेळली जाते.

अशा कराराला खेळाडूच्या राष्ट्रीय संघटनेची संमती लागते. राष्ट्रीय संघाचे शिबिर आणि क्लबाचा हंगाम एकाच वेळी आले, तर खेळाडूची कोंडी होते. बहुतेक वेळा राष्ट्रीय संघालाच प्राधान्य द्यावे लागते, आणि ते द्यावे अशीच बहुतेक खेळाडूंची इच्छा असते. मात्र राष्ट्रीय संघातील जागेची शाश्वती नसते, हेही तितकेच खरे. १९९८ च्या बँकॉक सुवर्णपदकानंतर धनराज यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. विश्रांती हे त्याचे अधिकृत कारण होते. मानधन आणि सुविधा यांबद्दल उघड बोलल्याचा हा परिणाम असल्याची चर्चा त्या वेळी झाली. अशा प्रसंगी परदेशी क्लबातील जागा खेळाडूसाठी उत्पन्नाचे साधन तर ठरतेच, शिवाय त्याला स्वतःचे मत मांडण्याचे थोडे बळही देते.

धनराज यांच्यानंतर अनेकांनी हा मार्ग धरला. भारताचे माजी कर्णधार सरदार सिंग बेल्जियममधील ल्युव्हेन आणि नेदरलँड्समधील ब्लुमेंडाल या क्लबांकडून खेळले. बास्केटबॉलमध्येही अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग हे भारतीय खेळाडू जपानमधील क्लबात गेले. अमृतपाल यांना २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी किंग्ज संघानेही करारबद्ध केले.

अमेरिकेचा धडा

अमेरिकी बास्केटबॉलपटूंशी तुलना केली, तर भारतीय खेळाडूंच्या अडचणीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात नियमित करारावर १५ खेळाडू, म्हणजे एकूण सुमारे ४५० जागा. महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या खेळाडूंच्या तुलनेत ही संख्या फारच थोडी आहे. उरलेले खेळाडू परदेशी जातात. स्टीफन मार्बरी हे याचे ठळक उदाहरण. एनबीएमधील कारकीर्द उतरणीला लागल्यावर २०१० मध्ये ते चीनमध्ये गेले. २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये त्यांनी बीजिंगच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. बीजिंगमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

महिलांच्या बास्केटबॉलमधील उदाहरण अधिक बोलके आहे. डायना टोरासी या नामवंत खेळाडूने २०१५ चा अमेरिकेतील हंगाम खेळलाच नाही. रशियातील तिच्या क्लबाने तिला विश्रांतीसाठी मोबदला दिला होता आणि तो अमेरिकेतील वेतनापेक्षा अधिक होता. मायदेशातील लीग पुरेसे वेतन देत नसेल, तर सर्वोत्तम खेळाडूचेही पाय परदेशाकडे वळतात, हाच त्याचा अर्थ.

तथापि, परदेशी जाणाऱ्या अमेरिकी खेळाडूच्या पाठीशी शाळा, महाविद्यालय आणि व्यावसायिक लीग अशी अखंड साखळी असते. ही साखळी त्याला घडवते आणि परदेशी क्लब त्या तयार खेळाडूला घेतो. भारतीय हॉकीपटूंच्या बाबतीत छावणीचे मैदान आणि परदेशी क्लब यांच्यामध्ये खात्याच्या नोकरीखेरीज काहीच नव्हते. त्यामुळे परदेशाची वाट मोजक्याच राष्ट्रीय खेळाडूंना सापडली. राज्य पातळीवर खेळणाऱ्या शेकडो खेळाडूंना तिचा काहीच उपयोग झाला नाही.

घरच्या लीगचा प्रश्न

ही पोकळी भरून काढण्याचे प्रयत्न भारतात झाले. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. धनराज त्या लीगमध्ये मराठा वॉरियर्सकडून खेळले. चार हंगामांनंतर, २००८ मध्ये ती बंद पडली. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी ही स्पर्धा झाली. त्या वेळी ४३ वर्षांचे असलेले धनराज कर्नाटक लायन्सकडून मैदानात उतरले. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नसलेल्या या स्पर्धेचा एकच हंगाम झाला. त्यानंतर २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिचे पाच हंगाम झाले आणि २०१७ नंतर तीही थांबली.

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ त्यात होते. जानेवारी २०२५ मध्ये प्रथमच महिलांची लीगही खेळवण्यात आली आणि तिच्यात चार संघ होते. लिलावात भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला सूरमा हॉकी क्लबाने ७८ लाख रुपयांना घेतले. महिलांमध्ये उदिता दुहान हिला सर्वाधिक ३२ लाख रुपयांची बोली मिळाली. जर्मनी, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू या लीगसाठी भारतात आले. एकेकाळी भारतीय खेळाडू ज्या देशांत खेळायला जात, त्या देशांतील खेळाडूंना आता भारतीय संघ मानधन देऊ लागले आहेत.

हे चित्र आशादायक आहे. तरीही मधल्या अनुभवाचा विसर पडता कामा नये. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा असलेला खेळाडू लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पंचविशी ओलांडून गेला होता. हॉकीपटूची उमेदीची वर्षे दहा-बारा असतात. त्यांतील सात-आठ वर्षे लीगविना गेली, तर पुढे लिलावात मिळणारी मोठी रक्कमही ती भरून काढू शकत नाही. शिवाय लीग एक-दीड महिना चालते. वर्षाचे उरलेले महिने बहुतेक खेळाडू आजही रेल्वे, पोलीस, सेनादले आणि सार्वजनिक कंपन्यांच्या नोकरीवरच अवलंबून आहेत. या संस्थांनी खेळाडूंची भरती कमी केली, तर लीगमध्ये खेळण्यासाठी खेळाडूच तयार होणार नाहीत.

झाशीने ध्यानचंद आणि अशोक कुमार यांच्यानंतरही हॉकीपटू दिले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेले तुषार खांडेकर हे झाशीचेच. सदर बाजारात किंवा खडकीत आज स्टिक हाती घेणाऱ्या मुलापुढे ध्यानचंद यांच्यापेक्षा अधिक वाटा आहेत. सरकारी नोकरी आहे, देशातील लीग आहे आणि परदेशी क्लबाचा करारही आहे. यांपैकी परदेशी करार सर्वांत आकर्षक दिसतो, परंतु तो मिळतो राष्ट्रीय पातळीवर नाव झाल्यावर. तोपर्यंतची दहा वर्षे त्या मुलाला मैदान, प्रशिक्षक आणि घर चालवण्यापुरते उत्पन्न देणारी व्यवस्था देशातच हवी. दरवर्षी ठरलेल्या वेळी होणारी आणि जिल्हा पातळीपर्यंत जोडलेली लीग ही त्या व्यवस्थेची पहिली अट आहे.